देवदाराच्या हक्काची घरं

मनालीला गेलेला मराठी माणूस हिडिंबेचं देऊळ बघितल्याशिवाय परतत नाही. महाभारतातली भीमाची बायको, घटोत्कचाची आई तिथे देवी होऊन बसली आहे, ही गोष्टच ओढून नेते. डुंगरीच्या देवदारांतून वर चढत गेलं की चार छपरांचं, सुमारे २४ मीटर उंचीचं देऊळ समोर येतं. खालची तीन छपरं चौकोनी, लाकडाची. सगळ्यात वरचं निमुळतं, धातूच्या पत्र्याने मढवलेलं. कुल्लूच्या बहादूरसिंह राजाने ते १५५३ मध्ये बांधलं. दरवाजा इतका बुटका की कमरेतून वाकावं लागतं, आणि वाकतानाच चौकटीवरचं कोरीवकाम डोळ्यांसमोर येतं. गाभाऱ्यात मूर्ती शोधणारा गोंधळतो, कारण तिथे मुख्य आहे ती एक भलीमोठी शिळा. डोंगरातला तो कातळ आधी होता, देऊळ त्याच्याभोवती उभं राहिलं.

माझी एक विनंती असते तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला. दर्शन झालं की प्रदक्षिणेच्या वाटेवर थांबा, देवळाच्या लाकडावर हात ठेवा आणि तसाच हात मागच्या झाडावर ठेवा. देवळाचं लाकूड आणि भोवतीचं बन एकाच जातीचं आहे, देवदार. झाड मोडून देऊळ केलं आणि देवळामुळे बाकीची झाडं राहिली. देवीच्या बनात कुऱ्हाड चालत नाही, चालली तर देवीच्याच कामासाठी, तिला कौल लावून. आपल्याकडच्या देवरायांचा कायदाही हाच. कुल्लूत फरक इतकाच की देवराईच्या मधोमध देवराईच्याच लाकडाची एवढी मोठी इमारत साडेचारशे वर्षांहून जास्त उभी आहे, आणि ती बघायला लोक लांबून येतात.

मी नाशिकची. जुने वाडे मोजणं, त्यांचे नकाशे काढणं आणि मालकाची तयारी असेल तर दुरुस्ती करून देणं, हे माझं काम. वाड्याचा जीव सागवानात. खांब, तुळया, कडीपाट, खणाखणाने मोजलेलं घर. आमच्याकडचं बरंचसं सागवान सुरगाण्याच्या, पेठच्या, डांगच्या जंगलांतून खाली उतरलं. पण वाड्याच्या माडीवर उभं राहून ते जंगल दिसत नाही. लाकूड एकीकडे, जंगल दुसरीकडे, मधे घाट. त्यामुळे वाड्यात राहणाऱ्याला आपल्या डोक्यावरची तुळई कुठल्या डोंगरावर उभी होती हे कधी विचारावंसं वाटलं नाही. कुल्लूतल्या जुन्या गावांत पहिल्यांदा गेले तेव्हा मला हलवून टाकलं ते याच गोष्टीने. तिथल्या सज्ज्यातून समोर जे जंगल दिसतं तेच तुम्ही टेकलेल्या भिंतीत आहे.

ही भिंत नीट बघायची तर नग्गरला जावं. मनालीच्या खाली, बियास नदीच्या डाव्या अंगाला, सुमारे १८०० मीटर उंचीवरचं हे गाव कुल्लूच्या राजांची जुनी राजधानी. जगतसिंह राजाने १६६० च्या सुमारास राजधानी सुलतानपूरला, म्हणजे आजच्या कुल्लू शहरात हलवली. नग्गरचा राजवाडा मात्र राहिला. आज त्याला सगळे नग्गर कॅसल म्हणतात, आणि त्यात १९७८ पासून हिमाचल पर्यटन महामंडळाचं हॉटेल आहे. म्हणजे कुणालाही पैसे भरून त्या भिंतींत रात्र काढता येते.

या बांधकामाला तिथे काठकुणी म्हणतात. अंगणात उभं राहून कोपरा बघा. देवदाराचे दोन लांब चौरस ओंडके भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला आडवे, समांतर ठेवलेले. दोघांच्या मधे हातभराची पोकळी, तिच्यात दगडाचे तुकडे ठासून भरलेले. ठराविक अंतरावर एक आडवा तुकडा दोन ओंडक्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो. त्यावर दगडांचा थर, घडीव पण कोरडा, चुना नाही, माती नाही. मग पुन्हा लाकडाची जोडी. कोपऱ्यावर या भिंतीचे ओंडके त्या भिंतीच्या ओंडक्यांवर, त्यांच्यावर पुन्हा इकडचे. एकमेकांवर बोटं गुंफून ठेवावीत तसा तो कोपरा वर चढत जातो. लागेल तिथे लाकडाचीच खुंटी. लोखंडाचा खिळा शोधायला मला बराच वेळ लागला, आणि सापडला तो नंतरच्या डागडुजीतला.

सकाळचं ऊन तिरपं पडलं की ओंडक्यांच्या अंगावर वाकसाचे घाव दिसतात. वीतभर अंतराने एकेक उथळ खाच, एकसारखी, एकाच हाताने मारलेली. करवत या डोंगरांत उशिरा आली, आधीची सगळी कामं कुऱ्हाडीने आणि वाकसाने. हे काम करणाऱ्या कारागिरांना थावी म्हणतात. दगड आणि लाकूड दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालचं. आपल्याकडे पाथरवट वेगळा आणि सुतार वेगळा, दोघांत वाद ठरलेला. काठकुणी भिंतीत तसं चालणारच नाही, कारण दगडाचा थर बोटभर चुकला तर वरचा ओंडका डोलतो. खाली दगड जास्त, लाकूड कमी. वर जावं तसं लाकूड वाढतं आणि भिंत हलकी होते. अगदी वर पाटीच्या दगडाचं जड छप्पर. ते वजन सगळ्या कोरड्या थरांना दाबून जागेवर ठेवतं.

साधं घरही याच रीतीचं. तळमजल्याला गाई-गुरं, वर धान्य, त्याच्या वर माणसं. गुरांची ऊब वर चढते. माणसांच्या मजल्याला भिंतीबाहेर काढलेला लाकडी सज्जा, उन्हाच्या दिशेला तोंड करून. थंडीत बायका तिथे लोकर कातत बसतात, धान्य वाळतं, म्हातारी माणसं ऊन घेतात. खालच्या मजल्यांना खिडक्या जवळजवळ नाहीतच, म्हणून पाहुणा अंधारातून जिना चढतो, डोकं आपटू नये म्हणून खाली बघत चढतो, आणि वरच्या दारातून बाहेर पडला की एकदम समोर सगळं खोरं, बर्फ, नदी, शेतं. निसर्गाशी नातं जोडणारी वास्तू या विषयावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. त्यातल्या बहुतेकांत मोठ्या काचा असतात. इथे काच नव्हती. अंधार, वाकणं आणि मग उजेड, एवढ्यावर हे काम साधलं आहे, आणि ते कुणा पाहुण्याला खूष करायला नव्हे, थंडी बाहेर ठेवायला.

४ एप्रिल १९०५ च्या सकाळी या भिंतींची परीक्षा झाली. कांगडा खोऱ्यातल्या त्या भूकंपाची तीव्रता ७.८ च्या आसपास मानतात. सुमारे २०,००० माणसं गेली. कांगड्याचा किल्ला ढासळला, ब्रजेश्वरी देवीचं दगडी देऊळ कोसळलं, धरमशाला जमीनदोस्त झालं. सी. एस. मिडलमिस या भूगर्भशास्त्रज्ञाने नंतर गावोगावची पडझड नोंदवली. तो अहवाल १९१० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला. जाड दगड-मातीच्या भिंती माणसांच्या अंगावर आल्या होत्या. कुल्लूच्या बाजूलाही धक्का मोठा होता. बंजारजवळच्या चैहणी गावातल्या उंच कोठीचे वरचे मजले पडले, खालचे आजही उभे आहेत. नग्गरचा राजवाडा उभा राहिला.

का उभा राहिला, हे सांगायला आता संगणकावरची आकडेमोड आहे, पण थावीला ते हाताने माहीत होतं. जमीन हलली की कोरडे दगड एकमेकांवर थोडे घसरतात आणि त्या घसरण्यात धक्क्याचा जोर जिरतो. दगडांना बाहेर फेकलं जाऊ न देण्याचं काम दोन्ही बाजूंचे ओंडके करतात. चुन्याने घट्ट जखडलेली भिंत असं सरकू शकत नाही, म्हणून ती तडकते. आमच्या वाड्यांतही लाकडी सांगाडा भिंतीच्या आत असतो आणि भिंत पडली तरी वाडा खांबांवर उभा राहतो. तत्त्व जवळचं आहे. पण दगड आणि लाकूड यांना थराथराने एकमेकांच्या हवाली करण्याची ही कला हिमालयाची.

आता या सगळ्या कौतुकातली अडचण सांगायला हवी, कारण ती मोठी आहे. काठकुणी भिंत लाकूड खाते. एका घराला मोठ्या देवदारांचे ओंडकेच्या ओंडके लागतात, आणि तोडण्याजोगा देवदार व्हायला शंभराहून जास्त वर्षं जातात. मग खोरं उघडंबोडकं का झालं नाही? उत्तर भिंतीत नाही, हक्कात आहे. मला हा इतिहास लिहावासा वाटला तो यासाठी. इमारतींच्या पुस्तकांत सांध्यांची चित्रं भरपूर असतात, झाड कुणाला, किती आणि कुणाच्या परवानगीने मिळायचं याबद्दल चार ओळीही नसतात.

राजांच्या काळात जंगल राजाचं आणि देवांचं. गावाला चराई, सरपण आणि घरापुरतं लाकूड घेण्याची रीत होती, त्यात देवाच्या बनाला हात लावायचा नाही हा दंडक. १८४० मध्ये शीख आले, १८४६ मध्ये इंग्रज. आणि थोड्याच वर्षांत देवदाराला नवं गिऱ्हाईक मिळालं, रेल्वे. एक मैल रूळ टाकायला १७६० ते २००० स्लीपर लागत. उत्तर हिंदुस्थानच्या मैदानात जवळपास कुठे टिकाऊ लाकूड नाही, आणि देवदारात तेल असल्यामुळे त्याला वाळवी लवकर लागत नाही. डोंगरात झाड पाडायचं, स्लीपर कापायचे, नदीत सोडायचे आणि पंजाबात उचलायचे. बियास, सतलज, रावी, चिनाब या सगळ्या नद्यांनी हे लाकूड वाहून नेलं. पोचायला सोपी अशी बनं आधी गेली. ह्यू क्लेगहॉर्नने पंजाब आणि पश्चिम हिमालयाच्या जंगलांवरचा अहवाल १८६४ मध्ये दिला. त्याच वर्षी डिट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानच्या जंगलांचे पहिले महानिरीक्षक झाले. जंगल वाचवायला हवं हे दोघांनाही कळत होतं. पण १८६५ आणि १८७८ चे कायदे झाले ते जंगल प्रथम सरकारचं, या गृहीतावर.

कुल्लूत त्याला थोडं वेगळं वळण लागलं. १८८६ मध्ये अलेक्झांडर अँडरसनने इथल्या जंगलांची जमाबंदी केली. आपण जमाबंदी शेताची ऐकतो. इथे झाडांची, चराईची, गवताची, सरपणाची नोंद झाली. कोणत्या गावाचा कोणत्या बनात काय हक्क, हे कागदावर आलं. जमीनधारक कुटुंबाला घर बांधायला किंवा दुरुस्त करायला नाममात्र दरात झाड मिळेल, अशी तरतूद त्यात होती. पुढे हीच टीडी म्हणून हिमाचलभर ओळखली जाऊ लागली. गावात कुणालाही विचारा, ‘टीडी मिळाली का?’ हा प्रश्न लग्नाच्या बोलणीसारखा गंभीरपणे विचारला जातो. त्या जमाबंदीने लोकांचं बरंच काही काढूनही घेतलं, यात शंका नाही. पण घर आणि बन यांच्यातला धागा तिने तोडला नाही. झाड मागणाऱ्याला ते झाड कुठे उभं आहे हे ठाऊक होतं, शेजाऱ्यालाही ठाऊक होतं, आणि पुन्हा मागायला बरीच वर्षं थांबावं लागणार हेही.

मिळालेलं झाड वाया घालवायची हिंमत मग कुणाची होणार! काठकुणीतला प्रत्येक ओंडका पुन्हा काढता येतो. खिळा नाही, चुना नाही, त्यामुळे घर उतरवताना भिंत वरून खाली जशीच्या तशी सुटत जाते, ओंडके, दगड, पाट्या वेगवेगळ्या. भाऊ वेगळे झाले की घर उतरवून वाटून घेतल्याच्या कहाण्या मी ऐकल्या. एका गावात मी मोजत असलेल्या घराच्या भिंतीत मधेच कोरीव ओंडका दिसला, नक्षी उलटी, फुलं खाली डोकं करून. घरमालक आजोबा म्हणाले, हा जुन्या देवळाच्या दुरुस्तीत निघाला होता, माझ्या आजाने मागून आणला. एका जन्मात देवळाचा, दुसऱ्यात घराचा. त्या लाकडाचं वय कोण सांगणार? घर झाडाच्या वाढीपेक्षा जास्त टिकलं तर बन पुरतं, हे गणित तिथे कुणी शिकवावं लागत नव्हतं.

आगीपुढे मात्र हे गणित चालत नाही. जानेवारी २००८ मध्ये मलाणा गावातली मोठी वस्ती आणि जमलू देवतेचं देऊळ जळालं. नोव्हेंबर २०१५ मध्ये बंजारकडच्या कोटला गावावर तीच वेळ आली. हिवाळ्यासाठी घराघरांत रचलेलं गवत, खेटून उभी घरं, पाण्याचा बंब पोचेल असा रस्ता नाही. अशा रात्रीनंतर कुणी सिमेंटचं घर बांधलं तर त्याला नावं ठेवायचा अधिकार माझ्यासारखीला, नाशिकहून टेप घेऊन येणाऱ्या बाईला, नाही.

सिमेंटची खरी लाट पर्यटनाबरोबर आली. १९८९-९० नंतर काश्मीरला जाणं अवघड झालं आणि महाराष्ट्रातल्या, गुजरातेतल्या, बंगालमधल्या सहली सिमला-कुल्लू-मनालीकडे वळल्या. त्या वर्षांत मनाली वाढलं ते खांब-स्लॅबच्या हॉटेलांनी. हिरवी झाडं तोडायला बंदी आली होतीच, टीडी कमी होत गेली, मधे काही वर्षं न्यायालयाच्या आदेशाने थांबलीही. लाकूड मिळेना, थावीची मुलं दुसऱ्या कामांना लागली, बँक कर्ज देते ते आरसीसीला. कारणं सगळी खरी आहेत. पण जागेची निवडही त्याच वेळी बदलली, आणि तिचं नुकसान मला लाकूड जाण्याहून मोठं वाटतं. कुल्लूची जुनी गावं नदीच्या काठावर नाहीत. ती वरच्या अंगाला, उतारावरच्या पक्क्या टप्प्यांवर आहेत, नग्गरसारखी. काठ शेतांसाठी सोडलेला. पाहुण्याला नदी खोलीतून दिसायला हवी म्हणून हॉटेलं खाली काठावर उतरली. जुलै २०२३ मध्ये बियास आली आणि काठावरच्या इमारती, रस्ते, गाड्या घेऊन गेली. तिथे काठकुणी घर असतं तर तेही गेलं असतं. पण तिथे काठकुणी घर बांधायला थावी तयार झाला नसता.

आता उलटी ओढही सुरू आहे. जिभी, तीर्थन, नग्गर या भागांत लाकडी घरांत राहायला लोक पैसे मोजतात. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तीर्थनमध्ये होमस्टे वाढत गेले. त्यातले काही मनापासून केलेले आहेत. जुनं घर, तेच कुटुंब, गोठ्याच्या जागी न्हाणीघर, सज्जा तसाच. बाकी ठिकाणी आत स्लॅब आणि बाहेरून लाकडाच्या पट्ट्या डकवलेल्या, कोपऱ्यावर खोटे ओंडके चिकटवलेले. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. पट्टीला मात्र वजन उचलायचं नसतं, म्हणून ती कुठून आली, किती दिवस टिकेल याचा विचारही कुणाला करावा लागत नाही.

मला सगळ्यात चिंता वाटते ती तिसऱ्या प्रकाराची. गावातलं जुनं घर विकत घ्यायचं, उतरवायचं, ओंडक्यांना क्रमांक घालून ट्रकने दुसऱ्या खोऱ्यात न्यायचे आणि तिथे पाहुण्यांसाठी उभं करायचं. लाकूड वाचतं, हे खरं. पुन्हा वापरणं ही या भिंतीची जुनीच रीत, हेही खरं. पण पूर्वी ओंडका गावातल्या गावात फिरायचा, हक्काच्या घरातून हक्काच्या घरात. आता घर जातं आणि त्या कुटुंबाच्या हातात विटा-सिमेंटपुरते पैसे उरतात. पुढचं झाड मागायला त्यांना कारण उरत नाही. आणि ज्याला बनातून काही मागायचं नाही, तो बनात लागलेली आग विझवायला कशासाठी धावेल?

मला तिथे घर दुरुस्तीबद्दल कुणी विचारलं तर मी आधी भिंतीकडे बघत नाही. टीडीचा अर्ज केला आहे का, आणि गावाचं कोणतं बन तुमच्याकडे लागतं, हे विचारते. एका सरपंचबाईंनी मला ते बनच दाखवायला नेलं होतं. तरुण देवदार, मनगटाएवढे, गुरं जाऊ नयेत म्हणून काटेरी झुडपांचं कुंपण घातलेलं. बाई म्हणाल्या, हे माझ्या नातवाच्या सुनेच्या घरासाठी. मग लगेच कामाचं बोलू लागल्या: महिला मंडळाची पाळी ठरवायची होती, कुंपण कुठे मोडलं आहे ते बघायचं होतं, आणि गावात उरलेल्या एकुलत्या एक थावीकडे हात शिकायला दोन मुलं तयार झाली होती, त्यांच्या रोजंदारीचं काय करायचं ते पंचायतीत मांडायचं होतं.